रुईतली म्हातारी

माणसाचं दुःख एकदा कागदावर उमटलं, की कोणत्याही सरकारला ते नाकारता येत नाही. हे वाक्य माझ्या यजमानांचं. पांढुर्ण्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, पेटी कॅमेरा छातीशी धरून आणि तोंड खिडकीकडे करून ते हे बोलले, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. वाक्य मला आवडलं. कॅमेऱ्यात त्या वेळी फिल्म नव्हती.

यजमान सरकारी शाळेत मास्तर होते, पण हंगामी. कापसाचा हंगाम दरवर्षी न चुकता येई, मास्तरांचा येईलच असं नव्हतं. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि शाळा उघडताना नवा हुकूम यायचा. त्या साली मात्र हेडमास्तरांनी त्यांचं नाव कायम करण्यासाठी वर पाठवलं होतं. नाव वर गेलं की मास्तर लोक खाली जपून पाऊल टाकतात. आमचे यजमान त्याच हिवाळ्यात फोटो काढायला निघाले.

त्याच हिवाळ्यात प्रांतही फुटले. नागपूर म्हणजे आमचं बाजाराचं, दवाखान्याचं आणि सरकारदरबाराचं गाव. ते दुसऱ्या राज्यात गेलं, आणि आम्ही जागचे न हलता भोपाळचे झालो. शाळेत पेढे वाटले. कशाचे, ते हेडमास्तरांनी भाषणात स्पष्ट केलं नाही, कारण अर्ध्या गावाला इकडे राहायचं होतं आणि अर्ध्याला तिकडे जायचं होतं. पेढे दोन्ही अर्ध्यांनी खाल्ले.

आमच्या मागच्या दाराबाहेर कमरेएवढी भिंत होती, भिंतीपलीकडे मोकळी जागा, त्यापलीकडे टिनाची चाळ आणि तिच्यामागे कापसाची जिन. हंगाम लागला की जिनच्या मशिनी दिवसभर धडधडत, सरकी एकीकडे पडे आणि रुई दुसरीकडे, आणि जी रुई कुठेच पडत नसे ती हवेत राही. ती आमच्या पाण्याच्या हंड्यावर बसे, वरणावर बसे. चाळीतल्या बाया जिनवर कामाला होत्या, आणि त्यांच्या तर ती नाकातोंडातच बसे. त्यांच्यातली एक पावसाळ्यात, जिन बंद असताना, आमच्याकडे भांडी घासायला यायची. वीस-बावीस वर्षांची असेल. कडेवर तान्हं पोर. बोलायला तिखट, आणि खोकला असा की दोन वाक्यांच्या मध्ये थांबावं लागे.

यजमानांनी तिचाच फोटो काढला. कामाची पाळी संपवून ती चाळीच्या दाराशी बारदानावर टेकली होती, पदराआड पोर. फोटो धुऊन आला तेव्हा मी तो हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा. गाल खोल गेलेले. पोराच्या कपाळावरही रुईची साय. मला ती ओळखू आली ती फक्त तिच्या पायांतल्या जोडव्यांवरून. चांगला फोटो होता. मी आजवर नवऱ्याच्या पुष्कळ गोष्टींना नावं ठेवली आहेत, पण त्या फोटोला ठेवणार नाही.

तो त्यांनी नागपूरच्या एका वर्तमानपत्रात ओळखीच्या माणसाकडे पाठवला. आपलं नाव छापू नका म्हणून बजावलं होतं, आणि त्यांनी ते छापलं नाही. पण खाली मजकूर त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिला. सत्तरीतली ही आजी आपल्या पोरक्या नातवाला पोटाशी धरून आहे, मध्य प्रदेशात अडकून पडलेल्या आपल्या बांधवांचे हाल पाहा, अशा अर्थाचा. नागपुरात कोणीतरी ते पांढरे केस पाहिले आणि हिशेब केला. रुई पाहिलेला माणूस त्या कचेरीत नसावा.

अंक घेऊन आले ते माझे बाबा. ते तालुक्याला, सौंसरच्या तहसीलीत, नोकरीला होते आणि निवृत्त होऊनही रोज तिथेच जाऊन बसत. सर्व्हिस मोटारीतून उतरून घरात आले, पाणी घेतलं नाही, आधी मागचं दार लावलं.

"जावईबापू, हा फोटो तुमचा त नाही?"

यजमान अंकाची घडी घालू लागले. आयुष्यात त्यांना खोटं बोलता आलं नाही, फक्त उशिरा बोलता आलं.

"मंग झालं," बाबा खाटेवर बसले. "कलेक्टरकडून कागद आला तहसीलदाराले. दुसऱ्या राज्याच्या पेपरात आपल्या राज्याची बदनामी कोन करून राहिलं, शोधा म्हने. पेपरात गावाचं नाव नाही, पन ते मागचं धुराडं दिसून राहिलं न. सरकारी नोकर असन त काढून टाका, असं लिहिलं आहे. मी वाचून आलो."

"पण फोटोत खोटं काय आहे?" यजमानांनी विचारलं.

"खोटं असतं त बरं होतं जी. खोट्याची माफी मागता येते."

बाबा त्याच मोटारीने परत गेले. जावयाच्या घरात फार वेळ दिसणंही त्यांना धोक्याचं वाटलं असावं, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. त्यांचा पेन्शनचा हुकूम अजून भोपाळला कोणत्या तरी पोत्यात होता.

त्या दिवसापासून भीती आमच्या घरात राहायला आली. मला दिवस गेले होते. नोकरी गेली तर ह्या खोल्या सोडायच्या, आणि सौंसरला बाबांच्या ओसरीवर बाळंतपण करायचं, काढून टाकलेल्या मास्तराची बायको म्हणून. काढून टाकलेल्याला पुन्हा कोणी घेत नसे. मोहगावचा एक मास्तर सभेत काहीतरी बोलला म्हणून नोकरीतून निघाला होता. तो पुढे बाजारात संत्री विकताना दिसे, आणि जुने विद्यार्थी त्याला टाळून दुसऱ्याकडून संत्री घेत. मला तो सारखा डोळ्यांसमोर येई. शाळेचा चपराशी दाराशी आला की मी आधी त्याच्या हातात कागद आहे का ते पाही. तो बहुतेक वेळा विस्तव मागायला आलेला असे.

चाळीत पेपर येत नव्हता. आमच्याखेरीज गावात फोटो कोणाचा हे ओळखेल असा आणखी एकच माणूस होता, स्टेशनजवळचा फोटोवाला. फिल्म त्यानेच धुतली होती. यजमान त्याला भेटायला निघाले, मी जाऊ दिलं नाही. ज्याला आपण काही बोलू नको म्हणून सांगायला जातो, त्याला बोलण्यासारखं काहीतरी आहे हे तोपर्यंत कळलेलं नसतं.

उरली होती फिल्मची पट्टी. ती जाळायला यजमान तयार नव्हते. "हा पुरावा आहे," ते म्हणाले.

"हो न. तुमच्याच विरुद्ध."

ते शाळेत गेल्यावर मी पट्टी चुलीत टाकली. ती लाकडासारखी जळेल असं मला वाटलं होतं. ती भप्पकन पेटली, आणि असा वास सुटला की शेजारच्या, म्हणजे हेडमास्तरांच्या, बाई भिंतीवरून डोकावल्या.

"काय जाळून राहिल्या वं मास्तरीणबाई?"

"कंगवा पडला हो चुलीत."

"कंगवा?" त्यांनी पुन्हा हुंगलं. "बाई, लई मोठा कंगवा होता."

मी दिवसभर उंबऱ्यात ऊद जाळत बसले. संध्याकाळी यजमानांना सांगितलं. ते रागावले नाहीत, चुलीतली राख काडीने उकरून पाहू लागले. ते मला रागावण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. मग मी जामसावळीच्या मारोतीला नवस बोलले. तो मारोती आडवा निजलेला आहे. उठण्याची तसदी न घेता ऐकणारा देव मला त्या दिवसांत सोयीचा वाटला.

दवंडी आली ती त्यानंतर. तहसीलदार साहेब चाळ पाहायला येणार, सोबत फोटोवाला असणार, जिन त्या दिवशी बंद राहणार, सर्वांनी चाळीत हजर राहावं.

दवंडीच्या दुसऱ्या दिवशी फोटोतली ती मागच्या भिंतीशी आली. पोर कडेवर, केसांत रुई.

"बाई, एक लुगडं द्या न एका दिवसापुरतं. ते जांभळं."

हंगामात लग्नं असतात. कोणाच्या तरी लग्नाला जायचं असेल असं समजून मी ट्रंक उघडली आणि लुगडं दिलं. जांभळं, काठावर मोर, माझ्या मंगळागौरीचं. तिच्याशी त्या वेळी दोन शब्द जास्त बोलण्याची मला हिंमत नव्हती. फोटो पेपरात गेल्याचं तिला कळलं आहे का, हे विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर तिला कळलं असतं.

आमच्या भागात त्या काळी फोटो म्हणजे काय होतं, हे सांगायला हवं. शेटजींच्या घरात तीन पिढ्यांचे फोटो असत, आमच्यासारख्यांकडे लग्नाचा एक, आणि चाळीतल्या माणसाच्या वाट्याला फोटो येत नसे. आलाच तर जन्मात एकदा. मग त्यासाठी आंघोळ करायची, तेल लावायचं, आणि स्वतःजवळ नसेल ते दुसऱ्याचं मागून अंगावर घालायचं. फोटोत आपण जसे असतो तसे दिसायचं, ही कल्पनाच कोणाला नव्हती. तसे तर रोजच दिसतो, त्याला फोटो कशाला?

साहेब आले त्या सकाळी मशिनींची धडधड नव्हती, आणि तिच्याशिवाय ती जागा ओळखू येत नव्हती. मी मागच्या भिंतीशी उभी राहिले. शेजारी हेडमास्तरीणबाई येऊन उभ्या राहिल्या. यजमान बाकीच्या मास्तरांबरोबर पलीकडे रांगेत होते, चेहरा खडूसारखा.

चाळ सारवली होती. दारांना आंब्याची पानं होती. आणि मग बाया बाहेर येऊन बसल्या. हिरवी, किरमिजी, गुलबक्षी लुगडी. डोकी तेलाने चपचपीत. कपाळाला रुपयाएवढं कुंकू. एकीच्या नाकात नथ होती आणि ती सारखी हाताने सावरत होती, कारण नाक तिचं असलं तरी नथ तिची नव्हती. पहिल्या रांगेत माझं जांभळं लुगडं बसलं होतं.

मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. फोटोतली हीच बाई, आणि तिच्या अंगावर मास्तराच्या घरचं लुगडं. कोणीतरी एक बोट उचललं की संपलं.

"वं बाई," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "हे त तुमच्या हळदीकुंकवातलं लुगडं दिसून राहिलं."

"जांभळी असतात हो पुष्कळ."

"मोराची?" त्यांनी डोळे बारीक केले. "काहो, तिले कायले देल्लं तुम्ही? तुमची काय दोस्ती तिच्याशी?"

त्यांच्या नवऱ्याच्या कानात ही गोष्ट दुपारपर्यंत गेली असती. तेवढ्यात त्यांचं लक्ष दुसऱ्या रांगेकडे गेलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. तिथे नथ सावरणारी बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. ऊन लागून राहिलं," म्हणाल्या, आणि पुन्हा लुगड्यांचा विषय त्यांनी काढला नाही. नथ त्यांची होती. त्या दिवशी चाळीच्या अंगावर बहुधा सगळं पांढुर्णा होतं.

तहसीलदार जबलपूरकडचे होते. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. त्यांनी चाळीकडे पाहिलं, मग कात्रणाकडे, मग पुन्हा चाळीकडे. एका चित्रातून निघून भलत्याच चित्रात शिरलेल्या माणसासारखं त्यांचं झालं होतं.

"इसमें ये बुढ़िया कौन है?" त्यांनी जिनच्या मुकादमाला विचारलं.

"बुढी, साहेब? इथं बुढी नाही."

"सत्तर साल की औरत। कहाँ है?"

"नाही न जी. चाळीत बुढीच नाही एकबी."

"पूरी चाल में एक भी बूढ़ा आदमी नहीं?"

मुकादमाने मागे वळून चाळीला विचारलं. चाळीने आपापसांत आठवून पाहिलं. एक होती म्हणे, पण ती मुकादमाच्या आधीची. रुईत बसून म्हातारं होण्याइतकं तिथे कोणी टिकत नव्हतं, पण हे कोणी बोललं नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि सोबतच्या कारकुनाला सांगितलं, लिहा, सर्व मजूर जवान आणि तंदुरुस्त.

पण माणूस कामाला पक्का होता. त्यांनी कात्रण रांगेतल्या एकेकीसमोर धरायला सुरुवात केली. ओळखते का? नाही जी. तू ओळखते? नाही जी. पहिल्या रांगेच्या टोकाशी माझं जांभळं लुगडं होतं. साहेब एक एक करत तिकडे सरकत होते. मी भिंत धरली. पलीकडे यजमान पायाखालच्या मातीकडे पाहत होते. आणि साहेबांच्या मागे, तिवईवर मोठा कॅमेरा लावून, तो स्टेशनजवळचा फोटोवाला उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा त्याने स्वतःच्या हाताने पाण्यात धुतला होता, त्याला ओळखायला जोडव्यांची गरज नव्हती. मग त्याने रांगेतल्या मास्तरांकडे पाहिलं. मग काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि आत गेला. फडक्याआडून तो बाहेर काय बोलणार आहे, या विचाराने माझ्या पोटातलं बाळ हललं की मीच हलले, कळलं नाही.

साहेब तिच्यासमोर आले. कात्रण धरलं.

तिने ते नुसतं पाहिलं नाही, हातात घेतलं. उन्हाकडे धरलं. पोराने कागदाला हात घातला तर त्याचा हात बाजूला केला. तिचं पाहणं संपेचना. जिन चालू असती तर निदान आवाज तरी असता.

"पहचानती हो?"

तिला खोकला आला. माझ्या लुगड्याच्या पदरात तोंड धरून ती खोकली, डोळे पुसले, आणि कागद परत दिला.

"नाही जी. बुढी हाय कोनतरी. लई उतरलेली हाय बिचारी."

"हलू नका बाई," फडक्याआडून फोटोवाला म्हणाला. "सगळे इकडं पाहा. हां, असं."

आणि फोटो निघाला.

बाबांनी निकाल सौंसरहून निरोपाने कळवला. तहसीलदारांचा अहवाल थोडक्यात असा होता, की सदर म्हातारी या तालुक्यात आढळत नाही, इथले मजूर चांगल्या वस्त्रांत आणि समाधानात आहेत, आणि चित्र शेजारच्या राज्यात गेलेल्या मुलखातलं असावं. धुराडी तिकडेही आहेत. भोपाळला हा अहवाल फार आवडला असं ऐकलं. आपली गरिबी नव्या हद्दीपलीकडे निघाली, याहून चांगली बातमी नव्या राज्याला कोणती असणार?

चौकशी बंद झाली. त्या रात्री मी पोटभर जेवले. माझी खात्री झाली होती, की तिने आम्हाला वाचवलं. एवढ्या माणसांत, साहेबाच्या तोंडावर, मास्तराच्या नोकरीसाठी ती स्वतःला नाकारून उठली. मी यजमानांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि गरिबांच्या मोठेपणावर ते बरंच बोलले.

ती लुगडं परत करायला आली. धुऊन, घडी घालून, भिंतीवर ठेवलं. मी तिला आत बोलावून चहा दिला आणि म्हटलं, "तुझे उपकार झाले गं. तू ओळखलं नाही म्हणून..."

"ओयखलं न," ती म्हणाली. "माह्या पोराले पहिले ओयखलं. मंग मले."

"आणि आमच्यासाठी नाही म्हणालीस."

तिने बशीतला चहा फुंकला. "तुमच्यासाठी कायले? तुमचा काय संबंध?"

मी तिच्या बशीत आणखी चहा ओतला.

"मास्तरले म्या म्हनलं होतं, बाई, की थांबा जी, तोंड धुऊन येतो. डोक्यावरची रुई त झटकू द्या. मास्तर म्हने, नको नको, असीच बस. आता असी बसलेली बाई पेपरात गेली. अन् मी तिकडं न्हाऊन-धुऊन, जांभळं लुगडं नेसून बसलो साहेबासमोर, सगळ्या चाळीसमोर. त्याइच्या समोर त्या बुढीले मी हाय म्हनू?" तिने बशी खाली ठेवली. "मास्तरले सांगा, फोटो काढनं त्याइले जमत नाही. तो स्टेशनवाला चांगला काढते. थांबते तरी."

मी हे यजमानांना सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, तिच्या आवाजासकट. गरिबांच्या मोठेपणावर ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. बराच वेळ कॅमेऱ्याची झाकणी उघडत आणि लावत बसले. मग म्हणाले, "तोंड धुतलं असतं तर फोटोत काय राहिलं असतं?"

"ती राहिली असती," मी म्हटलं.

तो वाद आमच्यात पुढे अनेक वर्षं चालला, आणि खरं सांगायचं तर मी तो कधी जिंकले नाही. रुई होतीच. खोकला होताच. ते कोणीतरी दाखवायला हवं होतंच. पण दाखवलं तेव्हा जिचं होतं तिनेच ते घेतलं नाही, आणि साहेबाला तेवढं पुरलं. चाळीतल्या हवेबद्दल त्यानंतर कोणीही काही लिहिलं नाही, कारण तिथे सर्व जवान आणि तंदुरुस्त असल्याचं कागदोपत्री होतं.

यजमानांच्या कायम नेमणुकीचा हुकूम उन्हाळ्यात आला. मुलगी झाली होती. जामसावळीला जाऊन आम्ही नारळ फोडला. माणसांचे फोटो यजमानांनी त्यानंतर काढले नाहीत. मुलीचासुद्धा नाही. ती तोंड धुऊन तयार असली तरी नाही. ते सुटीच्या दिवशी संत्र्याच्या बागांत जाऊन झाडांचे फोटो काढत. संत्र्याचं झाड कोणाची बदनामी करत नाही, आणि आंघोळीसाठी थांबा असंही म्हणत नाही. ते फोटो मी एका डब्यात जपून ठेवले आहेत. वारा असल्यामुळे बहुतेक हललेले आहेत.